मांडीवरची पळती रेघ

रात्रीचे अडीच वाजले होते. बाथरूमच्या दिव्याखाली उभी राहून मी स्वतःच्या मांडीवर बॉलपेननं एक टिंब काढलं. मांडीच्या मागच्या बाजूला एक लाल, किंचित फुगलेली, नागमोडी रेघ उठली होती आणि खाज अशी की नखं आवरेनात. रेघेच्या टोकाशी टिंब दिलं, घड्याळ पाहिलं आणि तिथेच पालथ्या बादलीवर बसून राहिले. तीन वाजता पाहिलं तर रेघ टिंबाच्या पुढे दोन बोटं सरकलेली. साडेतीनला आणखी दोन. पहाटेपर्यंत मांडीवर निळ्या टिंबांची माळ झाली आणि सकाळी रेघ गायब! टिंबं तेवढी उरली.

अंगावर पित्त उठणं मला नवीन नव्हतं. गेली कित्येक वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी गांधी उठायच्या, दोन दिवस राहायच्या, जायच्या. कधी पोटाच्या वरच्या भागात जळजळ, कधी चार दिवस पातळ शौचाला, आणि जोडीला खोकला. रक्त तपासलं की एकच आकडा लाल अक्षरांत छापून यायचा, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा. साधारण पाचशेच्या आत असायला हव्यात, माझ्या कधी चौदाशे, कधी बावीसशे. "ॲलर्जीची प्रकृती आहे तुमची," असं मला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मीही ते लोकांना सांगू लागले. धूळ, परागकण, उशीतले किडे, सगळ्यांवर आळ घेऊन झाला.

मग खोकल्याचा दमा झाला. म्हणजे तसं निदान झालं. वर्षभरात तीन वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स घेतला. दम्याला स्टेरॉइड दिलं की आराम पडायला हवा. मला पहिले दोन दिवस बरं वाटायचं आणि मग पोट बिघडून धाप पहिल्यापेक्षा जास्त लागायची. हे मी सांगितलंही होतं. उत्तर मिळालं की डोस कमी पडतोय, या वेळी जास्त दिवसांचा देऊ. त्या लांबलचक कोर्सची चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती. सोमवारी गोळ्या सुरू करायच्या होत्या आणि रेघ उठली ती शुक्रवारी रात्री.

शनिवारी सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. खाज, आणि तीही शौचाच्या जागेच्या आसपास, म्हटल्यावर ते हसत म्हणाले, "अहो, सूतकृमी असतील. घरात लहान मूल आहे ना? सगळ्यांनी जंताची एकेक गोळी घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा एक." नात नुकतीच आठवडाभर राहून गेली होती, तेव्हा पटलंही. घरातल्या सगळ्यांनी गोळी घेतली. एवढंच नाही, माझ्या जावेनं फोनवर ऐकलं आणि लगेच निकाल दिला: "त्या मोत्याला पलंगावर घेता ना? त्याचंच हे." मोत्या आमचा कुत्रा. त्या दिवसापासून त्याची गादी व्हरांड्यात गेली. दाराला नाक लावून तो रात्रभर कुंई कुंई करत राहिला.

इथे नावांचा घोळ सांगायला हवा, कारण त्यात माझे काही दिवस गेले. मराठीत आपण सुतासारखा दिसेल त्याला सूतकृमी म्हणतो. मी हा शब्द शोधायला गेले तर निम्मी माहिती टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींची निघाली. इंग्रजीतही गोंधळ आहेच. ब्रिटनमध्ये थ्रेडवर्म म्हणजे लहान मुलांना होणारा, रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालणारा पांढरा जंत. त्यालाच अमेरिकेत पिनवर्म म्हणतात. अमेरिकेतल्या पुस्तकांत थ्रेडवर्म म्हटलं की तो असतो स्ट्राँगिलॉइडिस. दोन्ही गोल कृमी आहेत हे खरं, पण त्यापलीकडे त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मुलांचा तो पिनवर्म डोळ्यांना दिसतो, मादी साधारण एक सेंटीमीटर. त्याची अंडी शौचाच्या तपासणीत क्वचितच सापडतात. सकाळी उठल्या उठल्या, अंग धुण्याआधी, गुदद्वाराच्या कडेला चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मीही ते केलं, तीन सकाळी लागोपाठ. काही सापडलं नाही. आणि हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मोत्याला व्हरांड्यात झोपावं लागलं नसतं: पिनवर्म हा माणसाचाच जंत आहे. कुत्र्या-मांजरांना तो होत नाही आणि त्यांच्याकडून आपल्याला लागत नाही. घोड्याचा पिनवर्म वेगळा, सशाचा वेगळा, आणि तेही माणसाकडे येत नाहीत.

सोमवारी मी गोळ्या सुरू केल्या नाहीत. धाडस वगैरे काही नव्हतं, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली होती आणि म्हटलं एक दिवसानं काय बिघडतंय. मुलीनं फोनवर बजावलं होतं की टिंबांचे फोटो काढून ठेव. तेच फोटो पुढे केले. त्या बाई तरुण होत्या, जेमतेम पस्तिशीच्या. एकेक फोटो मोठा करून पाहिला, वेळा विचारल्या, बोटांनी मोजलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "ताई, स्टेरॉइड चालू आहे का काही?"

पर्समधली चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती घेतली आणि टेबलावर उलटी ठेवली. "हे आत्ता सुरू करायचं नाही. एकही गोळी नाही. मी त्यांच्याशी स्वतः बोलते."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या रेघेला लार्वा करन्स म्हणतात, पळणारी अळी. हे नाव १९५८ साली पडलं. कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अळी चुकून माणसाच्या कातडीत शिरली तरी अशी नागमोडी रेघ उठते, पण ती दिवसभरात जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकते. तासाला पाच-दहा सेंटीमीटर पळते ती स्ट्राँगिलॉइडिसचीच. "तुमची टिंबं नसती तर मी पण पित्तच म्हटलं असतं," असं त्या म्हणाल्या. डॉक्टरनं असं कबूल करणं मला फार आवडलं.

या कृमीचं जगणं विलक्षण आहे. आतड्यात राहणारी मादी दोन-अडीच मिलिमीटरची, केसासारखी बारीक, लहान आतड्याच्या अस्तरात रुतलेली. आतड्यात नर नसतोच, ती नराशिवाय अंडी घालते. अंडी आतच फुटतात, म्हणून शौचातून अंडी पडत नाहीत, जिवंत अळ्या पडतात. ओल्या, उबदार मातीत त्या अळ्यांची एक पिढी स्वतंत्र जगू शकते, तिच्यात नरही असतात. त्यांची पिल्लं मग पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशापर्यंत चढतात, आपण गिळतो आणि त्या आतड्यात पोचतात. फुप्फुसाचा हा मुक्काम म्हणजे खोकला, घरघर.

इथवर अंकुशकृमीसारखंच. फरक पुढे आहे. स्ट्राँगिलॉइडिसच्या काही अळ्या शरीराबाहेर पडायच्या आधीच वाढून तयार होतात आणि आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराच्या कातडीतून पुन्हा त्याच माणसात शिरतात. माझ्या मांडीवर धावत होती ती अशीच एक, घरातल्या घरात फेरी मारणारी. बाकीचे बहुतेक जंत म्हातारे होऊन मरतात आणि नवे आले नाहीत तर दुखणं संपतं. हा संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेले युद्धकैदी घरी परतले आणि चाळीस वर्षांनंतरही त्यांच्यातल्या कित्येकांच्या पोटात हा सापडला.

एरवी आपली प्रतिकारशक्ती ही फेरी मर्यादेत ठेवते, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. स्टेरॉइडनं ती दबली की बांध फुटतो. हजारो अळ्या आतड्याची भिंत फोडून निघतात, जाताना आतड्यातले जिवाणू बरोबर नेतात, ते रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पोचतात. त्या अवस्थेत उपचार झाले तरी बरेच रुग्ण दगावतात. आणि इओसिनोफिल, जे एवढी वर्षं ओरडून सांगत असतात, ते नेमके तेव्हा खाली येऊ शकतात. माझ्या तीन छोट्या कोर्सनंतर पोट का बिघडत होतं, धाप का वाढत होती, याचा उलगडा त्या खुर्चीत बसल्या बसल्या झाला. घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

पुढचा आठवडा तपासण्यांचा. त्यात रम्य काही नाही. शौचाचा नमुना सलग तीन दिवस द्यायचा होता. लॅबमधल्या मुलानं डब्या देताना सांगितलं, "सकाळचा ताजा आणा. आणि मॅडम, फ्रिजमध्ये ठेवू नका." आमच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचा माझा विचार नव्हताच, पण कारण ऐकण्यासारखं होतं. थंडीत अळ्या मरतात, आणि इथे तर त्या जिवंत हव्या असतात. फॉर्मलिन घातलेली डबीही या तपासणीला चालत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही नमुने कोरे निघाले. याची कल्पना बाईंनी आधीच दिली होती. जुन्या दुखण्यात अळ्या थोड्या पडतात, रोज पडतीलच असं नाही, एका साध्या तपासणीत निम्म्याहून जास्त वेळा हुकतात. म्हणून नमुन्याचा थोडा भाग त्यांनी अगारच्या बशीवर ठेवायला लावला होता. अळी त्या जेलीवर सरपटते, अंगाला चिकटलेले जिवाणू वाटेत सांडत जाते, आणि दोन दिवसांनी जिथून ती गेली तिथे जिवाणूंच्या वसाहतींची रांग उगवते. मला त्या बशीचा फोटो दाखवला. पांढुरक्या ठिपक्यांची नागमोडी माळ. मी मांडीवर पेननं काढली होती अगदी तशीच. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणीही स्वच्छ पॉझिटिव्ह आली.

औषध म्हणाल तर फारच सोपं. आयव्हरमेक्टिन, वजनाच्या किलोमागे दोनशे मायक्रोग्रॅम. माझं वजन साठ, म्हणजे बारा मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, दोन दिवस. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. आम्ही सगळ्यांनी घेतली ती साधी जंताची गोळी, म्हणजे अल्बेंडाझोल, या कृमीवर लागू पडते पण कमी, आणि एका गोळीनं तर फारसं काही होत नाही. आयव्हरमेक्टिन म्हटल्यावर घरात कुजबुज झाली, कारण करोनाच्या साथीत या औषधाचं नाव नको तितकं बदनाम झालं. करोनावर ते उपयोगी ठरलं नाही हे खरं. पण जपानमधल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून निघालेल्या या औषधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं ते कृमींवरच्या कामाबद्दल. गंमत म्हणजे त्याच साथीत, स्टेरॉइड देण्याआधी स्ट्राँगिलॉइडिसची शक्यता असलेल्या रुग्णांना आयव्हरमेक्टिन द्या, असं सांगायची वेळ डॉक्टरांवर आली. एक बजावणी मात्र मलाही झाली: जनावरांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिन माणसानं घ्यायचं नाही, त्याची तीव्रता आणि त्यातले इतर घटक वेगळे असतात. मध्य आफ्रिकेत राहून आलात का, असंही विचारलं गेलं, कारण तिथल्या लोआ लोआ नावाच्या कृमीची लागण अंगात भरपूर असेल तर हे औषध मेंदूपर्यंत त्रास देऊ शकतं.

गोळ्या घेतल्यावर पहिल्या रात्री अंगभर खाज सुटली, थोडी चक्कर आली. तिसऱ्या दिवसानंतर रेघ उठलेली नाही.

आता मोत्या.

घरात निदान कळल्यावर जावेचा फोन पुन्हा आला आणि या वेळी ती चूक नव्हती, निदान अर्धी तरी. हा कृमी कुत्र्यांनाही होतो. खरं तर अळी त्याच शरीरात फेरी मारते हे फ्रीडरिश फ्युलेबॉर्न यांनी १९१४ साली दाखवलं ते कुत्र्यांवर प्रयोग करूनच. कंबोडियातल्या अभ्यासात याचे दोन वंश वेगळे काढलेत, एक फक्त कुत्र्यांत आढळणारा आणि दुसरा कुत्रा-माणूस दोघांतही. म्हणून मी मोत्याला घेऊन व्हेटकडे गेले.

व्हेट सरांनी आधी त्याचे कान ओढून लाड केले, मग त्याच्याही तीन दिवसांच्या नमुन्यांची फर्माईश केली. पहाटे प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन मी कुत्र्यामागे फिरत होते आणि जमिनीला टेकायच्या आत, शक्य तितकं स्वच्छ उचलायचा प्रयत्न करत होते. जमिनीवर पडलेल्या शेणात किंवा विष्ठेत मातीतल्या निरुपद्रवी कृमी शिरतात आणि मग बघणाऱ्याची फसगत होते. नमुना शिळा झाला तर अंकुशकृमीची अंडी फुटतात आणि त्यांच्या अळ्या स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्यांसारख्याच दिसतात. तोंडाच्या पोकळीची लांबी बघून ओळखायच्या, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. कुत्र्याची तपासणी बेअरमन पद्धतीनं झाली. नरसाळ्याच्या बुडाला नळी आणि चिमटा, वर जाळीत फडक्यात बांधलेला नमुना, खाली कोमट पाणी. उबेकडे अळ्या पोहत येतात, पण पाण्यात त्यांना वर चढता येत नाही, त्या तळाशी बसतात. चिमटा सोडून पहिले थेंब काचपट्टीवर घ्यायचे. दुसऱ्या दिवशीच्या थेंबात दोन अळ्या वळवळताना सापडल्या. सरांनी मला दाखवल्या. इतकी वर्षं जे माझ्या आत होतं ते पहिल्यांदा पाहिलं ते कुत्र्याच्या नमुन्यात.

जावेला कळवलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं ती म्हणणार हे ठरलेलंच होतं. पण त्या रात्री मी जुनी फाइल काढली. इओसिनोफिलचा पहिला लाल आकडा अकरा वर्षांपूर्वीचा. मोत्याला आणून तीन वर्षं झाली. मी लहानपणी पावसाळाभर अनवाणी चिखलात असायची, तेव्हाच कधी तरी हा शिरला असावा. वंश कोणता हे कुणी तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि मोत्यानं तो आणखी कुठून आणला असेल हेही शक्य आहे. पण कुणी कुणाला दिलाच असेल तर तो मी त्याला दिला असण्याचीच शक्यता जास्त. जावेला हे सांगितलं, ती गप्प झाली. मोत्याची गादी मी त्याच रात्री आत आणली, अर्थात गरम पाण्यात धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, कारण या अळ्यांना कोरडेपणा मुळीच सोसत नाही.

त्याला पाच दिवस फेनबेंडाझोल दिलं. आयव्हरमेक्टिनही चालतं, पण कॉलीसारख्या मेंढपाळ जातीच्या काही कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे ते जास्त डोसमध्ये मेंदूत शिरतं, आणि मोत्याच्या रक्तात कोणकोणत्या जाती आहेत हे तो स्वतःही सांगू शकणार नाही. सर बोलके होते. ते म्हणाले, मोठ्या कुत्र्यात सहसा काही दिसतच नाही, हाल होतात ते पिल्लांचे, आणि आईच्या दुधातूनही त्यांना अळ्या मिळू शकतात. शिंगरांत दुसरी जात, डुकराच्या पिल्लांत तिसरी, दोन्ही दुधातून जातात. गाई-मेंढ्यांमधली जात सहसा निरुपद्रवी, पण ओल्या लाकडी भुशावर बांधलेली वासरं तिच्या जबर लागणीनं जपानमध्ये अचानक, उभ्या उभ्या दगावली होती. या सगळ्या चुलत भावंडांची अंडी शेणात, लिदीत दिसतात. अळ्या टाकतो तो आमचाच.

सहा महिन्यांनी माझे इओसिनोफिल चारशेवर आले. प्रतिपिंडांचा आकडा उतरला आहे, पण शून्यावर नाही. तो सावकाश उतरतो म्हणे, वर्ष झाल्यावर पुन्हा बघायचा. पित्त उठलेलं नाही. दमा मात्र पूर्ण गेला नाही. छातीच्या डॉक्टरांनी पुन्हा फुंकर मारायला लावली आणि सांगितलं की थोडा दमा खरंच आहे, त्याला श्वासातून घ्यायचं औषध पुरेल. माझी नवी केस लिहिताना ते अकरा वर्षांचे कागद उलटत होते. प्रत्येक लाल आकड्याशेजारी कुणी ना कुणी पेन्सिलनं "ॲलर्जी" लिहिलेलं, दोन ठिकाणी तर त्यांच्याच अक्षरात. त्यांनी खोडरबर शोधलं, मिळालं नाही, मग पेननं काट मारून वर बारीक अक्षरात स्ट्राँगिलॉइडिस लिहिलं, स्पेलिंग मला विचारून.

मोत्याचा पुढचा नमुना शनिवारी द्यायचा आहे.